पिल्लाला भूगोलातलं नाव ठेवायचं तर

पिल्लू घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस नकाशा उघडू नका. हे मी सांगतेय, जिनं आयुष्यभर पोरांना नकाशे उघडायला लावले. नाशिक जिल्ह्यात मी शाळेत भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे. जुने विद्यार्थी अजून फोन करतात ते बहुतेक दोनच कारणांसाठी. एक, पोराला दहावीनंतर कुठल्या शाखेला घालू? दुसरं, "बाई, पिल्लू आणलंय, डोंगराचं नाहीतर नदीचं एखादं नाव सुचवा ना." पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळते. दुसऱ्याचं इतक्या वेळा देऊन झालंय की एकदा लिहूनच काढते.

नकाशा का नको? कारण आधी पिल्लू नीट बघायचं असतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. म्हणजे तुमच्याकडे येतं तेव्हा ते दोन महिन्यांचं असतं, घाबरलेलं असतं आणि पहिला दिवस दिवाणाखाली काढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची चाल दिसायला लागते, आवाज कळतो, पाण्याचं भांडं दिसलं की त्यात पाय घालतंय की लांबून जिभेनं चाटतंय हे कळतं. यातलंच काहीतरी पुढे नावाला धरून राहतं. दिसण्यातलं सगळंच राहत नाही. एका कुटुंबानं पिल्लाचे निळे डोळे बघून प्रवरेवरच्या धरणाचं 'निळवंडे' हे नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. मी म्हटलं, थांबा जरा. बहुतेक पिल्लांचे निळे डोळे वाढत्या वयात तपकिरी होतात, तोंडावरचा काळपटपणा उतरतो, पडलेले कान उभे राहतात. त्या पिल्लाचे डोळे आता चहाच्या रंगाचे आहेत.

रंग बघा, मग माती बघा

मला सगळ्यात आवडणारी नावं डोंगरांची नाहीत, दगडमातीची आहेत. दख्खनचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचं बनलंय, म्हणून आमच्याकडे विहीर खणा नाहीतर रस्ता फोडा, खाली काळा बेसॉल्टच लागतो. काळंभोर पिल्लू असेल तर 'कातळ'. या दगडात पोकळ्या असतात आणि पुष्कळदा त्यांत पांढऱ्या गारा भरलेल्या असतात. अंग काळं आणि छातीवर पांढरा ठिपका असलेली पिल्लं तशीच दिसतात. त्यातल्या कुत्रीला 'गारगोटी' शोभतं, हाकेला 'गारू'.

आता रस्त्यावरची आपली गावठी कुत्री आठवा. तो पिवळट तपकिरी रंग कुठे पाहिलाय? वरची माती संपली की कठीण दगड लागायच्या आधी जो ठिसूळ थर येतो, तो मुरूम. रस्त्यावर टाकतात तोच. गावठी पिल्लासाठी 'मुरूम' इतकं चपखल नाव मला दुसरं सापडलेलं नाही, आणि सुचवलं की समोरचा आधी हसतो आणि आठवड्याभरात तेच ठेवतो. घरात त्याचा 'मुरम्या' होतो, ते तर आणखी छान. कोकणात मुरमाऐवजी जांभा. धो धो पावसात दगडातली सिलिका वाहून जाते आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहतात, त्या लोहानं जांभा तांबडा दिसतो. तांबूस कुत्र्याला 'जांभा', लाडानं 'जांभ्या'. काळ्या कापसाच्या जमिनीला आम्ही वर्गात रेगूर म्हणायचो. 'रेगूर' हे भारदस्त नाव मोठ्या, दणकट पिल्लाला चालेल. मातकट राखाडी रंगाला 'पोयटा'. केस खरखरीत आणि स्वभाव त्याहून खरखरीत असेल तर 'बरड', म्हणजे ज्यात फारसं काही उगवत नाही ती माळाची जमीन. नावात थोडी चेष्टा असायला हरकत नाही. कुत्रा मनाला लावून घेत नाही.

अंगाच्या ठेवणीवरूनही शोधता येतं. कुकडी नदीच्या पात्रात निघोजला रांजणखळगे आहेत, पाण्यानं गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी खडकात कोरलेले. पोट टम्म असलेल्या पिल्लाला 'रांजण'. शेपूट सरळ वर असेल तर 'सुळका'. मोठं कुत्रं दत्तक घेताय आणि त्याच्या कानाला खाच आहे? ती खाच म्हणजे रस्त्यावर असताना त्याची नसबंदी झाल्याची खूण. त्याला 'धोडप' म्हणा. सातमाळा रांगेतल्या धोडपच्या माथ्यावर दगडी भिंत आहे आणि त्या भिंतीला लांबूनही दिसणारी एक खाच. मुंबई-आग्रा रस्त्यानं चांदवडकडे गेलेल्यांनी ती पाहिलेली असते. डोंगराच्या खडकातल्या आरपार भोकाला नेढं म्हणतात, तेव्हा कानाला आरपार भोक असेल तर 'नेढं', हे सांगायला नकोच.

मग नकाशा, तोही आपल्या तालुक्याचा

आता नकाशा उघडा. जगाचा नको. 'डेनाली', 'सिएरा', 'अल्पाइन' ही नावं वाईट नाहीत, पण नाव घेताना डोळ्यांपुढे काही उभं राहत नसेल तर ती नुसती छान वाजतात. एका सोसायटीत मी 'सायबेरिया' नावाचा हस्की पाहिलाय. मे महिन्याच्या दुपारी. त्याच्याकडे बघून माझाच जीव कासावीस झाला.

तालुक्याचा स्थलनिर्देशक नकाशा मिळाला तर उत्तम. निळ्या रेषांवरची नावं आधी वाचा, म्हणजे ओढे, नाले, उपनद्या. मोठ्या नद्या सगळ्यांना माहीत असतात, त्या सोडा. मग तपकिरी समोच्च रेषांमधली टेकड्यांची नावं. मग घाट, बारी, खिंडी. पण खरा खजिना नकाशावर नसतो. घरात शेती असेल तर आजीला विचारा, आपल्या वावरांना काय म्हणतात? 'पाटाखालचं', 'चिंचेचं', 'खडकीचं', 'डोहावरचं'. माझ्या एका विद्यार्थिनीनं कुत्रीचं नाव 'खडकी' ठेवलंय. पुण्यातल्या लोकांना ते रेल्वे स्टेशन वाटतं. तिच्या आजोळच्या दीड एकराचं ते नाव आहे.

पिल्लू कुठे सापडलं याचाही विचार करा. आमची कादवा निफाडकडच्या एका कांद्याच्या चाळीत जन्मली, तिथून कादवा नदी हाकेच्या अंतरावर. ही नदी पुढे नांदूरमधमेश्वरला गोदावरीला मिळते. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं पाणपक्ष्यांचं ठिकाण ते हेच. नदी तशी साधी आहे, पण पावसाळ्यात एकदम फुगते. कुत्रीही तशीच निघाली, हे नावाचं श्रेय नाही.

कुत्र्यांना गावाचं नाव चिकटणं तसं जुनंच आहे. लॅब्राडोर हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याचा प्रदेश, डाल्मेशियन क्रोएशियाच्या डाल्मेशियाचा, रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, आणि आपला मुधोळ बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा. फक्त या जातीच्या पिल्लाला पुन्हा 'मुधोळ' नाव नको. ते म्हणजे मुलाचं नाव 'मुलगा' ठेवण्यासारखं.

नाशिकच्या बाहेरचे वाचत असतील तर त्यांच्याकडे साठा माझ्यापेक्षा मोठा आहे. कोकणात सडा (जांभ्याचं उघडं पठार), पुळण (वाळूचा किनारा), खाजण (खाडीकाठची खारी जमीन), व्हाळ (ओढा). भंडारा-गोंदियाकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि गुबगुबीत कुत्रीला 'बोडी' किती शोभेल बघा. साताऱ्यात 'कास'. बुलढाण्यात 'लोणार', उल्कापातानं झालेल्या सरोवराचं नाव, खड्डे खणणाऱ्या पिल्लाला राखून ठेवा. परदेशात असाल तर माझं मत थोडं वेगळं आहे. तिकडची मंडळी आठवणीपोटी 'सह्याद्री' ठेवतात आणि शेजारी त्याचं काहीही करतात. जिथे कुत्रं फिरायला जातं तिथला ओढा बघा. स्कॉटलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं कुत्र्याला 'ग्लेन' म्हटलं, तिकडच्या दरीचंच नाव. आईला फोनवर सांगायलाही सोपं.

आता चाळणी लावा

हाताशी आठ-दहा नावं जमली की ती एकेक करून मोठ्यानं ओरडा. गच्चीत जा, दार लावा, पण ओरडा. कागदावर सुंदर दिसणारं नाव मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचेलच असं नाही. दोन अक्षरं उत्तम, तीन चालतात, चार झाली की घरातले आपोआप कापतात. शेवट आ, ई किंवा ऊ असा लांब स्वरानं झाला तर हाक लांबवता येते: 'घोटीऽऽ', 'कादवाऽऽ'. 'मोसम' ही मालेगावची नदी मला फार आवडते, पण शेवटच्या 'म'ला तोंड मिटतं आणि हाक तिथेच संपते.

तसंही मराठी माणूस नाव जसंच्या तसं कुठे हाकारतो? पुल्लिंगी असेल तर 'या' लागणार, स्त्रीलिंगी असेल तर 'ए' किंवा 'ई'. तोरणाचा तोरण्या, कोयनाची कोयने, टेकडीची टेकडे. तेव्हा नाव निवडताना त्याचं हे बिघडलेलं रूपही म्हणून बघा, कारण पुढची बारा-पंधरा वर्षं तेच चालणार आहे. जोडाक्षरं टाळा. 'वाशिष्ठी' नदी देखणी आहे, पण दात पडलेल्या आजीला आणि दात न आलेल्या नातवाला ती एकाच वेळी म्हणता आली पाहिजे.

यानंतरची अडचण कुणी सांगत नाही. कुत्र्याशी आपण बोलतो ते शब्द मोजके: ये, बस, थांब, जा, सोड, घे, नको. नावाची सुरुवात यातल्या एखाद्या शब्दासारखी असेल तर पिल्लू गोंधळतं. 'येवला' पैठणीसाठी प्रसिद्ध, पण "येवला, ये" म्हणाल तर त्याला दोनदा 'ये'च ऐकू येईल. 'जावळी'त 'जा' आहे. त्र्यंबकजवळच्या भास्करगडाचं दुसरं नाव बसगड, ते उच्चारलंत की शहाणं पिल्लू बसेल आणि तिथेच बसून राहील. डोंगराच्या 'सोंडे'ला 'सोड' चिकटलंय. आणि अख्खी गल्ली कुत्र्यांना ज्या शब्दानं हाकलते तो 'हाड' विसरू नका. मनमाडजवळ रेल्वेतून अंगठा वर केल्यासारखा सुळका दिसतो ना, हडबीची शेंडी? एका घरानं कुत्रीचं नाव 'हडबी' ठरवलं होतं. मी त्यांना 'शेंडी'वर आणलं. 'निफाड'चं वेगळंच. कुत्रा मोठा असेल आणि रखवालदार हिंदी भाषक असेल, तर त्याला त्यात फक्त 'फाड' ऐकू येतं.

माणसांचंही बघा. ज्याचं नाव घरातल्या आरतीत, अभंगात किंवा स्तोत्रात येतं ते कुत्र्याला नको. म्हणून गोदावरी, चंद्रभागा, इंद्रायणी, सप्तशृंगी नाही. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण ती आधी देवी आहे, म्हणून तीही नाही. महाराजांच्या गडांची नावं मी सुचवत नाही. तुमच्या मनात आदरच असतो, पण "रायगड, इकडे ये" हे रस्त्यावरच्या दुसऱ्याला आदरानं ऐकू येईलच असं नाही, आणि तो वाद पिल्लू खेळवत उभ्यानं घालायचा नसतो. गडाचे भाग घ्या: 'माची', 'बुरूज', 'मेट' (गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची जागा). 'माची' तर इतकं गोड नाव आहे की मी ते दोन घरांना दिलं आणि दोन्ही घरं एकाच रस्त्यावर निघाली. गावाचं नाव घेत असाल तर जिन्यातल्या पाट्या वाचून या. वरच्या मजल्यावर पेठकर राहत असतील तर 'पेठ' नको. सावित्री, कृष्णा, पूर्णा या नद्याही आहेत आणि कुणाच्या तरी सासूबाईही.

दोन पिल्लं असतील तर

एका वेतातली दोन आणली की लोकांना जोडीची नावं हवी असतात, आणि आमच्या जिल्ह्यात जोड्या भरपूर. सातमाळ्यात रवळ्या-जवळ्या, मनमाडजवळ अंकाई-टंकाई, इगतपुरीकडे तर त्रिकूटच आहे: अलंग, मदन, कुलंग. ऐकायला गंमत वाटते. पण 'रवळ्या' म्हटलं की जवळ्याही येतो, कारण पहिलं अक्षर सोडलं तर दोन्ही नावं एकच. दोघांना वेगवेगळं बोलावता आलं नाही तर नावं ठेवून उपयोग काय? शेजारचे डोंगर घ्या, यमक जुळणारे नकोत. धोडप आणि कांचना हे सातमाळ्यातलेच दोन किल्ले. आवाजात काही साम्य नाही आणि एक नर, एक मादी असेल तर सोयीचंही.

दवाखान्याचं कार्ड

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. त्या वेळी डॉक्टर नाव विचारतात आणि इंग्रजीत लिहितात. इथे आपल्या नावांची वाट लागते. कादवाचं लिहिलेलं नाव पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलानं 'कडवा' असं पुकारलं. 'दारणा' ही आमच्याकडची नदी, तिचं हमखास 'डरना' होतं, आणि अंगावर धावून येणाऱ्या कुत्रीला ते नाव पुकारलं की अख्खं दालन वळून बघतं. 'वाळू'चं 'वालू', 'कातळ'चं 'कातल'. उपाय साधा आहे: कार्डावर देवनागरीत स्वतः लिहा. बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. महापालिकेचा परवाना काढताना मात्र कार्डावर आहे तेच इंग्रजी स्पेलिंग द्या, नाहीतर एकाच कुत्र्याची दोन कुत्री होतात.

नाव शिकवणं

हे तसं लवकर होतं. खोलीत आवाज कमी असताना पिल्लू दुसरीकडे बघत असेल तेव्हा एकदाच, आनंदी आवाजात नाव घ्या. वळून बघितलं की लगेच खाऊ: उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर, काहीही नखाएवढं. चार-पाच वेळा झालं की थांबा. दिवसातून दोन-तीनदा पुरे. एकाच दमात "मुरूम, मुरूम, मुरूम" करत राहिलात तर तो तुमच्या घरातला पंख्यासारखा आवाज होतो. रागवताना नाव घेऊ नका, रागवायला 'नको' आहे. आणि घरातल्या सगळ्यांनी पहिले दोन आठवडे एकच रूप वापरा. आईचं 'मुरूम', बाबांचं 'मुरम्या' आणि धाकट्याचं 'मुरमुरा' हे नंतर चालेल, तोवर एकच.

आधीच्या घरी 'टॉमी' असलेला कुत्रा तुमच्याकडे आला तर नाव बदलता येतं. थोडे दिवस नवं नाव आधी आणि जुनं मागून घ्या, "डोह, टॉमी", मग जुनं हळूहळू गाळा.

माझ्या वहीत अजून कुणाला न दिलेली काही नावं आहेत, लागली तर उचला. मुलग्यांसाठी: पोयटा, डोह, टेकाड (हाकेला टेक्या), ओहळ, गेरू. मुलींसाठी: बारी, झिरी, पाणंद, कपारी, पुळण, दारणा. दारणा घेतलीत तर कार्डाचं लक्षात ठेवा.